तिप्पट

दिवाळीची सुट्टी. तोंडवळीच्या शाळेत
दुसरीचा वर्ग, चौथीचा वर्ग,
मध्ये एक भिंत, भिंतीवर बाराखडी.
पुण्याच्या मॅडमनी मला सहाशे रुपये रोजावर ठेवलं
पाकिटं या खोलीतून त्या खोलीत न्यायला.
अट एकच: बोलायचं नाही.

खेळ सोपा.
चौथीत बसलेल्या अकरा जणांना शंभर-शंभर.
हवे तेवढे ठेवा, हवे तेवढे पलीकडे धाडा,
धाडाल त्याचे वाटेत तिप्पट होतील.
पलीकडचा त्यातले काही परत देईल
किंवा देणार नाही.
वाटेत म्हणजे माझ्या हातात.
जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात
कशाचं तरी तिप्पट होत होतं.

जयवंती गिरकर टोपली उंबऱ्याबाहेर ठेवून आली.
"पलीकडे कोण आसा?"
ते सांगायचं नसतं, मॅडम म्हणाल्या.
"मगे इश्वास कोणार ठेवचो? भिंतीर?"
आणि अख्खी नोट पाकिटात सारून
तिने हात पदराला पुसला,
सुक्याला मीठ लावून झाल्यावर पुसतात तसा.

मी भिंतीला वळसा घातला. तीनशे झाले.
शानू मेथरने ते मोजले, दोनदा,
आणि रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं.
बघायचं नाही अशी अट नव्हती,
तरी मी त्याच्याकडे बघितलं नाही.
येताना पडवीतल्या वाऱ्यात
ते पाकीट दोन्ही हातांनी धरावं लागलं.

मॅडमनी तक्त्यात लिहिलं: शून्य.
जयवंतीने आत बोट फिरवलं,
पाकीट उलटं करून झटकलं.
आमच्याकडे शेजारचा टोप रिकामा परत जात नाही.
काहीच नसलं तर चार मिरच्या,
तेही नसलं तर चिमूटभर साखर.
रापण ओढताना
दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा,
पोराचा अर्धा,
आणि पोर नुसतं ओरडत होतं तरी अर्धाच.
हे मॅडमना सांगावंसं वाटलं.
पण बोलायचं नव्हतं.

संध्याकाळी गाडी गेली.
गावाची सरासरी बरी आली, असं ड्रायव्हर म्हणाला.

बाराव्या दिवशी रापणीला बांगडा लागला.
दुसऱ्या सकाळी जयवंतीच्या पायरीवर
केळीच्या पानात बांधलेले पाच.
भिवा कुबलाच्या पायरीवर पाच.
खाडीकडच्या बस्त्यावकडे पाच,
त्यातला एक मांजराने नेलेला.
मनोरमाबाई ठाकूरदेसाई खात नाहीत,
त्यांच्या दारात शहाळं.
गाव म्हणालं, कुणाचा तरी नवस असेल.
मी दारं मोजली. अकरा.
चौथीत बसलेली अकराच्या अकरा.

शानू बंदरावर जाळं शिवत होता.
मी काही विचारलं नाही, तोच म्हणाला,
"माका वाटला, सरकारचे आसत.
मगे आवय म्हणाली, तिप्पट सरकारान केल्यान,
पण पयले शंभर कोणीतरी सोडल्यान ना?"
सुईत दोरा ओवला, दातांनी तोडला.
"कोण ता म्हायत नाय. म्हणान सगळ्यांका."

नाव माझ्या ओठांवर होतं.
रोज मिळाला होता, अट कधीच संपली होती.
मी बिडी पेटवली.
तक्त्यात ते शून्य अजून तसंच असेल,
गोल, नीट, शाईतलं.

जयवंतीने पान धुऊन वाळत घातलं.
"ह्या पान कोणाचा रे?
रिकामा कसा धाडू, नि खंय?"
चार दिवस मला विचारत राहिली.
पाचव्या दिवशी त्याच पानावर मूठभर सोलं घेऊन
ती शाळेत गेली. वर्गांना कुलपं.
पडवीत, ती भिंत जिथे बाहेर येते,
तिथल्या कठड्यावर तिने पान ठेवलं,
वर एक दगड, उडू नये म्हणून.

दुपारपर्यंत होतं. मग नुसता दगड.
कुणी नेलं ते मी बघितलं नाही.
मुद्दाम.